कॉम्बिनेटोरिक्स (मोजणीचं आणि मांडणीचं गणित) आणि नंबर थिअरी (संख्यांचं गणित) यांत संशोधन करणारे दिवसभर नेमकं काय करतात? बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला या वाटेला लागणं म्हणजे उशीर झाला का?

तुम्ही लिहिलंय की आकड्यांची कोडी मनापासून आवडतात, पण ऑलिंपियाड वगैरे काही केलेलं नाही. मी याच दोन विषयांच्या सीमेवर काम करते. आधी 'काय करतात' ते सांगते, उशिराचं त्यातच येईल.

कागदावर १ ते ८ आकडे लिहा. १, २, ५, ६ लाल करा आणि ३, ४, ७, ८ निळे. आता एकाच रंगाचे, सारख्या अंतरावरचे तीन आकडे शोधा, म्हणजे शाळेतली अंकगणिती श्रेढी. सापडणार नाही. मग ९ लिहा. तो लाल केला तर १, ५, ९ जुळतात, निळा केला तर ७, ८, ९. रंग वेगळ्या तऱ्हेनं भरून पाहा; दोन रंगांत ९ पर्यंत श्रेढी टाळणं कुणालाच शक्य नाही. रंग कितीही घ्या, श्रेढी कितीही लांब मागा, आकडे पुरेसे लिहिले की ती येतेच, हे व्हान डर वार्डन यांनी १९२७ मध्ये सिद्ध केलं.

१९३६ मध्ये एर्डोश आणि तुरान यांनी पुढचा प्रश्न विचारला. रंग राहू द्या, संख्यांचा एखादा दाट संच घ्या. दाट म्हणजे फार नाही, कितीही पुढे गेलात तरी सरासरी, समजा, शंभरात एक तरी संख्या त्यातली हवी. अशा संचात हव्या तेवढ्या लांबीची श्रेढी असतेच का? प्रश्न शाळेतल्या मुलाला कळतो. उत्तर मिळायला ३९ वर्षं गेली. १९५३ मध्ये रॉथ यांनी तीन पदांपुरतं ते दिलं, १९६९ मध्ये सेमेरेदी यांनी चार पदांपुरतं, आणि १९७५ मध्ये त्यांनीच कितीही पदांसाठी. एर्डोश यांनी त्यावर लावलेलं १,००० डॉलरचं बक्षीस त्यांना मिळालं.

हे सेमेरेदी आधी वैद्यकीय शिक्षणाला गेले होते. ते सोडलं, काही काळ कारखान्यात काम केलं आणि मग गणिताकडे वळले. २०१२ मध्ये त्यांना आबेल पारितोषिक, म्हणजे गणितातल्या सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी एक, मिळालं. तुमच्या उशिराच्या काळजीवर माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

मला या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. प्रश्न सुटला तरी कुणी तो सोडला नाही. १९७७ मध्ये फुर्स्टेनबर्ग यांनी तेच प्रमेय एर्गोडिक थिअरीतून, म्हणजे काळाबरोबर बदलत जाणाऱ्या व्यवस्थांच्या गणितातून सिद्ध केलं. गॉवर्स यांनी रॉथ यांची फूरिए विश्लेषणाची (गोष्टी लहरींमध्ये फोडून बघण्याची) पद्धत लांब श्रेढींपर्यंत ताणली. २००४ मध्ये ग्रीन आणि ताओ यांनी मूळ संख्यांमध्येही कितीही लांब श्रेढी असतात हे दाखवलं. ७, ३७, ६७, ९७, १२७, १५७ ही सहा पदांची. पुढची संख्या १८७ म्हणजे ११ गुणिले १७, तिथे ती तुटते. मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात, त्यामुळे सेमेरेदींचं प्रमेय त्यांना थेट लागू पडत नाही, खरी अडचण तीच होती. आणि २०२३ मध्ये तीन पदांच्या जुन्याच प्रश्नात, म्हणजे संच किती विरळ असला तरी श्रेढी येतेच यात, झँडर केली आणि रघू मेका या कॉम्प्युटर सायन्सच्या दोघांनी मोठी उडी घेतली. एकाच प्रश्नाभोवती इतक्या शाखांची माणसं जमतात, म्हणून मी या विषयात आले आणि म्हणूनच टिकले.

रोजचं काम मात्र याहून खूप लहान असतं. छोट्या आकड्यांवर हातानं करून बघायचं, मग छोटा प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्याच्या पेपरचं एक पान दिवसभर वाचायचं. शिकवणं असतं, इतरांचे पेपर तपासणं असतं. पीएच.डी.च्या काळात मी आठ महिने एका असमानतेच्या (इनइक्वॅलिटी, म्हणजे एक राशी दुसरीपेक्षा मोठी नसते असं विधान) मागे होते. सिद्धता झाली असं वाटलं, म्हणून एका सहकाऱ्याला फळ्यावर समजावत होते. बोलता बोलता 'म्हणजे प्रत्येक अंतरासाठी' असं तोंडून गेलं आणि मी तिथेच थांबले. माझ्या हातात होतं ते 'जवळजवळ प्रत्येक अंतरासाठी'. सगळी सिद्धता त्या एका शब्दावर उभी होती. तो आठवडा फार वाईट गेला. नंतर मात्र ज्या थोड्या अंतरांना ती असमानता लागू होत नव्हती, ती कुठली, याचाच आम्ही दोघांनी शोध घेतला आणि त्यातून माझा पहिला पेपर झाला. (आमच्याकडे लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमानं येतात, 'पहिला लेखक' असा मान नसतो. मला ही पद्धत मनापासून आवडते.)

नोकरीचंही सांगायला हवं. पीएच.डी.ला चार ते सहा वर्षं, त्यानंतर दोन-तीन वर्षांचे एक-दोन पोस्टडॉक (संशोधनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या), बऱ्याचदा वेगवेगळ्या देशांत, आणि कायमची जागा मिळेलच याची खात्री नाही. पेपर पाठवल्यावर निकाल यायला वर्षभर लागू शकतं. ग्रीन-ताओंचा पेपर छापून आला तो २००८ मध्ये. घरची जबाबदारी असेल तर हे आधीच हिशेबात धरा.

सध्या लिनिअर अल्जिब्रा, रिअल अॅनालिसिस आणि प्रोबॅबिलिटी पक्कं करा. आमच्या विषयात प्रोबॅबिलिटी किती लागते हे मला फार उशिरा कळलं. आणि वरचं रंगवणं तीन रंगांनी करून बघा. तीन रंगांत तो आकडा ९ ऐवजी २७ होतो, म्हणजे २६ पर्यंत श्रेढी टाळून रंगवता येतं. कॉम्प्युटरला हात न लावता करा, आणि जमलं की इथेच खाली लिहा, मी नक्की बघेन.