ओल्युदेनिझला तान्हं बाळ नेताना: जेवणाची नको, उन्हाची काळजी करा

तुम्ही विचारलंय की लंडनहून जुलैअखेर आठवडाभर तुर्कस्तानातल्या ओल्युदेनिझला जायचंय, सोबत 8 महिन्यांचा मुलगा आणि 4 वर्षांची मुलगी आहे, तर त्यांच्या खाण्याचं कसं होईल आणि बरोबर काय न्यावं. खाण्याचं व्यवस्थित होईल. खरी कसोटी ऊन आणि पाण्याची आहे, म्हणून आधी ते सांगतो.

तिथे किनारे दोन. गावासमोरचा लांबलचक तो बेल्जेकिझ. गोट्यांचा आहे आणि पाण्यात चार पावलं टाकली की तळ एकदम खाली जातो, म्हणून मुलीचा हात सोडू नका. बाबादाग डोंगरावरून उडालेले पॅराग्लायडर याच किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर उतरतात, तिथेही तिला पुढे पळू देऊ नका. किनाऱ्याच्या टोकाला कुमबुर्नू. आत शिरायला तिकीट लागतं, पण पाणी जवळजवळ चहूबाजूंनी अडलेलं, संथ आणि कडेला उथळ. लहान मुलं असतील तर मी दुसरीकडे जायला सांगणारच नाही. मात्र वाळू मऊ नाही, खडे मिसळलेली आहे. बाबागाडीची चाकं रुततात, म्हणून बाळाला अंगाशी बांधायची झोळी न्या. खडे दुपारी चटके देतात, मुलीला पाण्यात घालायचे बूट हवेतच.

पारा 35 च्या पुढे सहज जातो. साडेदहा-अकरापर्यंत पाणी, मग थेट खोलीवर, पुन्हा बाहेर साडेचारनंतर. बाबागाडीवर मलमलचं कापड टाकून बाळाला झोपवण्याची सवय असेल तर इथे मोडा. आत हवा खेळत नाही आणि काही मिनिटांत गाडीची भट्टी होते. गाडीला लावायची छत्री न्या. घड्याळ लंडनच्या दोन तास पुढे असतं. ते मुलांवर पूर्ण लादू नका, एकच तास सरकवा. सातला झोपणारं बाळ तिथे आठला झोपेल आणि सकाळची थंड वेळही हाती लागेल.

आता खाणं. मेर्जिमेक चोर्बासी म्हणजे मसुराचं घोटलेलं सूप, बहुतेक सगळीकडे मिळतं. वरणावर वाढलेल्या मुलांना ते पहिल्या घासाला ओळखीचं वाटतं. वरून तिखट लोणी ओततात, म्हणून ‘आजिसिझ’ (तिखट नको) असं आधीच सांगा. मीठ शिजवतानाच पडलेलं असतं, तेव्हा बाळाला दोन-चार चमचेच. शाकाहारी असाल तर ‘एत सुयू वार मी?’ (मांसाचं पाणी आहे का?) विचारा, कारण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात. आयरान म्हणजे आपलं खारं ताक, मुलीला छान. बाळाला मात्र साधं दही, ‘सादे योउर्त’. न्याहारीच्या ताटात मध (बाल) असतोच आणि कुणीही प्रेमाने बोट चाटवायला पुढे येतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, त्यातून बोट्युलिझमचा (गंभीर विषबाधेचा) धोका असतो. आणखी एक शब्द: ‘मामा’ म्हणजे बाळाचं खाणं. बाळाची उंच खुर्ची हवी असेल तर ‘मामा सांदाल्येसी’ मागा, लगेच आणतात.

बाळाची दूधपावडर मात्र लंडनहूनच न्या. ब्रँड तोच असला तरी घटक वेगळे असू शकतात, आणि पोट बिघडायला प्रवासात तेवढंच पुरतं. पाणी बाटलीचं, पण तेही उकळून, आणि लेबलवर सोडियम लिटरला 200 मिलिग्रॅमच्या आत असलेलं.

डायपर सुटकेसभर नेऊ नका. मिग्रोस, बिम, ए101 या दुकानांत ‘बेबेक बेझी’ मिळतात. आपण पॅम्पर्स म्हणतो ते तिथे ‘प्रीमा’ नावाने विकतात. पोहायचे डायपर मात्र घरून न्या. साधा डायपर समुद्रात पाणी शोषून फुगतो आणि खाली ओघळतो.

पॅरासिटामॉलचं सिरप आणि ओआरएस घरचंच असू द्या. तिथे घेतलंत तर 5 मिलीत किती औषध आहे ते वाचा, एकाच नावाच्या बाटल्यांत प्रमाण वेगळं असतं. औषधाचं दुकान म्हणजे एज्झाने, बाहेर लाल ‘ई’. रात्री पाळीने एक उघडं असतं, त्याचं नाव बंद दुकानांच्या दारावर लावलेलं असतं. सहा-आठ तास डायपर कोरडा राहिला, टाळू खोल गेली किंवा बाळ मलूल झालं तर थांबू नका, 112 लावा. ब्रिटनचं आरोग्य कार्ड तुर्कस्तानात चालत नाही. प्रवासविमा घ्या, त्यात दोन्ही मुलांची नावं असू द्या.

दालामान विमानतळाहून गाडीने तास-सव्वा तास लागतो, शेवटचा टप्पा वळणांचा. निघण्याआधी मुलीला पोटभर दूध पाजू नका. गाडी ठरवताना ‘बेबेक कोल्तूउ’ (बाळाची कारसीट) लेखी मागा, तरी स्वतःची कारसीट नेलेली बरी. जवळच्या फेतिये शहराला जाणाऱ्या दोल्मुशमध्ये (शेअर मिनीबसमध्ये) ती बांधायची सोयच नसते.

बाळ पाहिलं की लोक ‘माशाल्ला’ म्हणून उचलून घेतील, कुणी निळा मणीही टोचून देईल. त्यांच्याकडेही दृष्टीला ‘नाझार’च म्हणतात. मणी घ्या, पण पिन बाळाच्या कपड्यावरून काढून पिशवीला लावा. 8 महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं.