उतारावर पाय ठेवण्याआधी

सोलापूर

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

इथे गड्ड्याच्या जत्रेची गडबड आहे. तू मित्रांबरोबर कॅनडातल्या व्हिसलरकडे स्कीवर जाणार, तेही राखलेल्या वाटा सोडून मोकळ्या डोंगरात, असं तुझ्या आईकडून कळलं. हौस जरूर कर. पण फौजेत असताना काश्मीरच्या बर्फात मी तीन हिवाळे काढलेत, म्हणून हिमस्खलनाबद्दल लिहितोय.

बर्फ थराथरांनी साठतो. आपल्याकडे दुकानात चादरींची थप्पी बघितली आहेस ना? मध्ये एखादी प्लॅस्टिकची पिशवी राहिली, की जरा धक्का लागताच वरच्या सगळ्या चादरी एकदम घसरतात. डोंगरावर ती पिशवी म्हणजे पावसाने गोठलेली गुळगुळीत खपली, किंवा निरभ्र थंड रात्री उगवलेलं पिसासारखं दहिवर. नवा बर्फ पडला की ते दिसत नाही, पण असतं तिथेच.

समुद्राजवळच्या त्या डोंगरांत ओली वादळं येतात. एका रात्रीत फूट-दोन फूट बर्फ पडतो, मग हवा तापते, कधी वरून पाऊसही. वजन झपाट्याने वाढतं. म्हणून वादळात आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस तीव्र उतारावर जायचंच नाही. आतल्या कोरड्या डोंगरांपेक्षा हा बर्फ लवकर घट्ट बसतो, हे खरं. याच भरवशावर माणसं फसतात. गाडलेला कच्चा थर तिथेही आठवडेच्या आठवडे टिकू शकतो.

अ‍ॅव्हलांच कॅनडा या तिथल्या संस्थेच्या हिमस्खलनाच्या अंदाजात धोक्याच्या 5 पायऱ्या असतात. 3 वाचून ‘मधलाच आहे’ म्हणू नकोस. 3 ला माणसाच्या वजनाने बर्फ सुटण्याची दाट शक्यता असते. हिमस्खलन बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं. तू सपाटीवर असलास तरी डोक्यावर काय आहे ते बघ.

एकदा आमच्या पायाखाली ‘धप्प’ झालं आणि आजूबाजूचा बर्फ बोटभर खचला, म्हणजे आतला कच्चा थर मोडला होता. सुभेदारसाहेबांनी नुसता हात वर केला. एकमेकांत अंतर ठेवून आम्ही आल्या पावली परतलो. चार तासांची चढण वाया गेली म्हणून मला राग आला होता. आज त्या हाताची आठवण येते.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाजवळ हवं आणि वापरायचा सराव हवा. गाडलेल्या माणसाला पहिल्या 10 मिनिटांत काढलं तर आशा मोठी असते, पुढे ती भराभर घटते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. उकरणार तुझे मित्रच.

आदल्या संध्याकाळी अंदाज वाचलास की फोन कर. तेव्हा इथे सकाळ असते, मी सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला निघालेला असतो.

तुझा,
काका