अठरा पूर्ण व्हायची वाट बघू नका

प्रश्न: मुलगा ७ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, सर्टिफिकेटवर ७५ टक्के. त्याला बसता येत नाही, भरवण्यापासून शी-शूपर्यंत सगळं मीच बघते, त्यामुळे माझं शिवणकाम पण बंद पडलं. मिस्टर सेंटरिंगच्या कामाला जातात. गावात सगळे म्हणतात ८० टक्के पाहिजेत आणि पेन्शन अठराच्या पुढेच मिळते. खरंय का? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, गावातले म्हणतात ते केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनबद्दल, तिथे खरंच ८० टक्के, वय १८ च्या पुढे आणि घर दारिद्र्यरेषेखाली लागतं. पण आपल्या राज्याची संजय गांधी निराधार योजना वेगळी आहे, त्यात ४० टक्के पुरतात आणि लहान मुलालाही मिळते, अर्ज तुम्ही पालक म्हणून करायचा. दिव्यांगांना आधी महिना १५०० होते, ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केलेत.

खरी अडचण उत्पन्नाची आहे. वर्षाला ५० हजारांच्या आत, आणि मूल लहान म्हणून आईवडिलांचं उत्पन्न धरतात. म्हणजे महिन्याला साधारण ४१६६ रुपये! सेंटरिंगवाल्याला बऱ्यापैकी काम मिळालं की तो यातून बाहेरच, आणि घरात एक माणूस मुलापाशी अडकलेलं असतं त्याचा हिशोब कुणी धरतच नाही, मला हे अजिबात पटत नाही. तरी आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा, त्यावर काय आकडा येतो ते बघा, अंदाजानेच माघार घेऊ नका. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि आधार जोडलेलं बँक खातं पण लागेल.

दाखल्यावर जास्त आलं तर निरामय आरोग्य विमा बघा, नॅशनल ट्रस्ट या केंद्राच्या संस्थेचा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात येतो आणि उत्पन्न जास्त म्हणून नाकारत नाहीत. ग्रामपंचायतीतही विचारा, ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये तर जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्ता असं स्पष्ट लिहिलंय. तो तुमच्यासारख्या आयांच्या हातात पडायला हवा, ग्रामसभेत, आमदारांकडे हे कलम सांगूनच मागा.

आणि सर्टिफिकेट टेम्पररी असेल तर त्यावरची तारीख आजच बघा, ती संपायच्या आधी सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन या.