मोटरहोम आणि हिमालय : झोपणार किती उंचीवर, ते आधी ठरवा

मे महिना लागला की पत्रं सुरू होतात, आणि दर दुसऱ्या पत्रात तेच वाक्य असतं : "घर सोबतच आहे, त्यामुळे मुक्कामाचा प्रश्न नाही." मी गेली बरीच वर्षं मोटरहोम घेऊन हिमाचल आणि लडाखला जाते, इतरांचे मार्गही आखून देते. हे वाक्य वाचलं की मला धडकी भरते. म्हणून या वेळची उत्तरं त्याच धाग्याने देते आहे.

प्रश्न : माझं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालेल का? (सातारा)

नाही. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या.

प्रश्न : वर गेल्यावर भात कच्चा राहतो म्हणतात, खरं का? (कोल्हापूर)

खरं आहे. लेहच्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. कुकर न्या, आणि त्याची जादा रिंगही.

प्रश्न : पुण्याहून जूनच्या सुरुवातीला निघतोय. रजा १० दिवस. पहिला मुक्काम मनाली, मग जिस्पा, सारचू आणि लेह. गाडीतच झोपणार, त्यामुळे हॉटेल शोधायची अडचण नाही. सोबत ६८ वर्षांचे वडील, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. आराखडा ठीक आहे ना? (पुणे)

नाही, ठीक नाही. या मार्गाने वडिलांना नेऊ नका.

तुमच्या मुक्कामांच्या उंच्या एका ओळीत लिहून पाहा : मनाली सुमारे २,००० मीटर, जिस्पा ३,२००, सारचू ४,२९०. जिस्पा ते सारचू या एका दिवसात तुम्ही झोपायची उंची अकराशे मीटरने वाढवताय. ३,००० मीटरच्या वर गेलं की एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं, असं डॉक्टर सांगतात. दिवसा खिंड ओलांडून खाली उतरलात, तर शरीर बऱ्याचदा निभावून नेतं. पण रात्री झोपेत श्वास मंदावतो आणि त्रास तेव्हाच बळावतो.

सारचूची खरी भीती पुढेच आहे. विरळ हवेच्या त्रासावर खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणं. सारचूहून मागे फिरायचं तर ४,८९० मीटरचा बारालाचा ला ('ला' म्हणजे खिंड) आडवा येतो. पुढे जायचं तर लाचुलुंग ला ५,०६० मीटरचा, आणि त्यानंतर तांगलांग ला ५,३०० मीटरच्याही वर. आजारी माणसाला खाली न्यायचं, तर आधी त्याला आणखी वर चढवावं लागतं. हॉटेलात राहणारा माणूस निदान जिस्पा-केलाँगला खोली बघतो. मोटरहोमवाला मात्र अंधार पडला, जागा सपाट दिसली, की तिथेच हँडब्रेक ओढतो.

मी हे पाहिलं आहे, आणि तो आराखडा माझाच होता. सारचूला रात्री दीडच्या सुमाराला शेजारच्या बर्थवरचा सोबती उठला आणि किल्ली कुठे आहे विचारू लागला. किल्ली त्याच्याच मुठीत होती. त्याने तेच तीनदा विचारलं. दार उघडून दोन पावलं टाकली, तर झोकांड्या जात होत्या. गोंधळणं आणि तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, तिथे सकाळची वाट बघायची नसते. दोन वाजता गाडी सुरू केली आणि बारालाचा ओलांडून खाली आणली. जिस्पाला पोचलो तेव्हा त्याने स्वतःहून चहा मागितला. त्यानंतर एका दिवसात इतकी उंची वाढवणारा मुक्काम मी कोणाच्याही आराखड्यात घातलेला नाही.

जाताना श्रीनगरकडून जा. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, सोनमर्ग २,७००, मग ३,५२८ मीटरचा झोजी ला ओलांडून पुन्हा २,७०० मीटरवर कारगिल, पुढचा मुक्काम ३,००० मीटरच्या आसपास खलत्सेला, आणि मग ३,५०० मीटरवर लेह. वाटेत ४,१०८ मीटरचा फोटू ला लागतो, पण तिथे तुम्ही झोपत नाही. लेहमध्ये पूर्ण दोन दिवस बसून राहा. खारदुंग ला, पँगाँग सगळं त्यानंतर. परतताना मनालीकडून या. आठ-दहा दिवस वर काढल्यावर सारचूची रात्र तितकी अंगावर येत नाही.

हे १० दिवसांत बसत नाही. पुणे ते श्रीनगरच सव्वादोन हजार किलोमीटर आहे, मोटरहोमने चार दिवस तरी लागतात. रजा वाढवा. नाहीतर गाडी दुसऱ्या कोणी श्रीनगरला आणावी आणि तुम्ही वडिलांना घेऊन विमानाने तिथे यावं. थेट लेहला विमानाने मात्र नाही, तिथे एका तासात ३,५०० मीटरवर उतरता. तेही जमत नसेल तर या वर्षी हिमाचलमधल्या तीर्थनच्या खोऱ्यात जा. जागा सुंदर आहे, उंची बेताची. फक्त मोटरहोम घेऊन जलोरी खिंडीच्या चढाला लागू नका.

आणि वडिलांना आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, मुक्कामांच्या उंच्यांचा कागद सोबत घेऊन. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, द्यायची की नाही ते तेच ठरवतील. सल्फाची अॅलर्जी असेल तर हे विचारणं आणखी गरजेचं. शेजाऱ्याने घेतली होती म्हणून मेडिकलमधून आणून देऊ नका.

प्रश्न : कापराची पुरचुंडी आणि ऑक्सिजनचे चार कॅन घेतलेत. पुरतील ना? (नाशिक)

कापराने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं वाटतं, इतकंच. कॅन काही मिनिटांत संपतो, आणि त्या मिनिटांत बरं वाटलं म्हणून माणूस खाली उतरायचं पुढे ढकलतो. 'लडाख किट' म्हणून हे विकणाऱ्यांचा मला संताप आहे. त्या पैशात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या, आणि कोणता आकडा दिसला की परत फिरायचं ते डॉक्टरांकडून लिहून आणा.

प्रश्न : टेम्पो ट्रॅव्हलरचं कॅम्पर करून देणारा म्हणतो, आतला बदल आरटीओला दाखवायची गरज नाही. (छत्रपती संभाजीनगर)

त्याला हे कागदावर लिहून सही करायला सांगा. करणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवरच आहे, आणि आरसीवर जे नोंदलंय त्याहून गाडी वेगळी असेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ते माहीत नसणाऱ्याला गाडी देऊ नका. काम सुरू होण्याआधी स्वतः आरटीओत जा आणि विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या.

गाडी हातात आली की पाणी, गॅस, सामान, माणसं सगळं भरून वजनकाट्यावर घाला आणि आकडा आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो, हे विसरलं जातं. टपावर सोलर आणि एसी चढवला की वळणावर गाडी जास्त कलते. मागचं टोक चाकांच्या फार मागे लांबवलं असेल, तर मनाली-लेह मार्गावरच्या गाटा लूप्सच्या २१ वळणांत ते जमिनीला घासेल.

प्रश्न : उतारावर न्यूट्रल टाकलं की डिझेल वाचतं ना? (सोलापूर)

कधीही टाकू नका. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये तीन-साडेतीन टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल थेट खाली जातं. जळका वास आला तर थांबा आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. जुनं ऑइल ओल धरतं आणि लवकर उकळतं, म्हणून निघण्याआधी मेकॅनिककडून बदलून घ्या.

प्रश्न : थंडीत आत छोटी शेगडी पेटवून झोपलं तर? खिडकी थोडी उघडी ठेवू. (ठाणे)

झोपताना आत काहीही पेटतं नको, मग तो कोळसा असो, गॅस असो की स्टोव्ह. खिडकीच्या फटीचा भरवसा धरू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याने डोकं दुखतं, मळमळतं, आणि विरळ हवेनेही नेमकं हेच होतं. माणसं समजतात उंची लागली, आणि पांघरूण घेऊन पडून राहतात. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. हीटर हवाच असेल तर धूर बाहेर टाकणारा, आणि जाणकाराकडूनच बसवलेला.

प्रश्न : दिल्लीहून भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह कॅम्पर घेतोय. कंपनी म्हणते, पँगाँगपर्यंत न्या. (मुंबई)

गाडीचा नंबर काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत असेल, तर लेहपर्यंत जाल. पुढे बाहेरची भाड्याची गाडी अडवतात, स्थानिक टॅक्सी करावी लागते. कंपनीचं 'नेता येतं' हे लेखी मागा आणि पैसे भरण्याआधी लेहच्या प्रशासनाकडून खात्री करा.

प्रश्न : येत्या शनिवारी निघतोय. झोजी ला उघडा आहे का, आणि सोनमर्ग ते कारगिल मॅपवर दाखवतो तेवढ्याच वेळात होईल? (नागपूर)

हे पत्र महिन्याभरापूर्वी यायला हवं होतं. खिंडीतून गाड्या कधी आणि कोणत्या बाजूने सोडायच्या ते वाहतूक पोलीस ठरवतात. दरड कोसळली की वेळ बदलते. आदल्या संध्याकाळी सोनमर्गला त्यांनाच विचारा. मॅपच्या वेळेत मोटरहोमसाठी निम्मी भर घाला. वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारी फुगतात, तेव्हा ते सकाळीच ओलांडा. पुलावर वजनाची पाटी असते, ती वाचा. आणि सोबत कोणी साठीच्या पुढचं असेल, तर शनिवार विसरा आणि आधी डॉक्टरांची वेळ घ्या.

प्रश्न : अरुंद घाटात समोरासमोर आलो तर मागे कोणी घ्यायचं? (रत्नागिरी)

उतरणाऱ्याने. चढणाऱ्याचा हक्क पहिला, तुमची गाडी कितीही मोठी असो. मागे घेताना सोबत्याला खाली उतरवून दरीच्या बाजूला उभं करू नका, डोंगराच्या बाजूला करा.