समुद्रकड्यावर जायचे, पण कोणत्या तिथीला?

प्रश्न : आम्ही दोघे मित्र चिखलदरा तालुक्यातील एका गावात राहतो. गावामागच्या काळ्या कातळावर नट आणि कॅम (फटीत अडकवून पुन्हा काढता येणारी धातूची साधने) लावत, एकही बोल्ट न ठोकता, आम्ही गेली काही वर्षे प्रस्तरारोहण करीत आहोत. माझा चुलतभाऊ वेल्समधील कार्डिफ येथे नोकरीला असून त्याने आम्हाला पेम्ब्रोकच्या समुद्रकड्यांवर चढाईसाठी बोलावले आहे. मृगाच्या पेरणीआधी, म्हणजे मे महिन्यात, दोन आठवडे जाण्याचा विचार आहे. समुद्र आम्ही एकदाच, तोही अलिबागच्या किनाऱ्यावरून पाहिला आहे. भरती-ओहोटीचा हिशेब कसा बसवावा आणि तयारीला सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : सुरुवात साहित्यापासून नव्हे, पंचांगापासून करा, आणि पंचांग उघडण्याआधी मे महिन्याचा विचार सोडून देता येतो का ते पाहा. पेम्ब्रोकचे चुनखडीचे कडे ही समुद्रपक्ष्यांची विणीची जागा आहे. गिलेमॉट आणि रेझरबिल तेथे कपारींत अंडी घालतात, बहिरी ससाणाही घरटे करतो, आणि त्यामुळे अनेक भिंतींवर साधारणपणे १ मार्च ते ३१ जुलै या काळात चढाईला बंदी असते. मे महिन्यात गेलात तर ज्या भिंतींसाठी एवढा खर्च केला त्यांतल्या कित्येक केवळ लांबून पाहाव्या लागतील. शिवाय या किनाऱ्याचा मोठा भाग कॅसलमार्टिन येथील लष्कराच्या गोळीबार-क्षेत्रात मोडतो. त्याच्या पूर्व भागात गोळीबार नसताना, म्हणजे बहुधा संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, जाता येते. पश्चिम भागात मात्र लष्कराने घेतलेल्या माहिती-सत्राला हजर राहिलेल्यांनाच प्रवेश मिळतो. त्या-त्या कड्याची बंदी ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिल प्रसिद्ध करते. जाण्याआधी आणि तेथे पोहोचल्यावर पुन्हा एकदा ती पाहून घ्यावी.

शेतकरी घरातल्या माणसाला डवरणी-निंदण आटोपल्यावर आणि सोयाबीन कापणीला येण्याआधी जी थोडी उसंत मिळते, ती या सहलीला मेपेक्षा कितीतरी सोयीची आहे. पक्षी उडून गेलेले असतात आणि समुद्राचे पाणी वर्षातले सर्वांत कमी गार असते. भरतीचे गणितही याच दिवसांत चांगले जुळते. पोळा अमावास्येला येतो, ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या पूर्वार्धात. अमावास्या किंवा पौर्णिमा उलटल्यावर एक-दोन दिवसांनी भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटीही सर्वांत खाली जाते, हे उधाण. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी दोहोंतले अंतर सर्वांत कमी होते, हा भांग. म्हणजे आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरे लाकडी बैल घेऊन फिरत असतात, तेव्हा जगभरच्या समुद्रांना उधाण असते. गोकुळाष्टमीच्या सुमारास पोहोचलात तर पहिला आठवडा भांगाचा आणि दुसरा उधाणाचा मिळेल, आणि नवख्याला हाच क्रम हवा. घरी बैलजोडी असेल तर पोळ्याला गैरहजर राहण्याची परवानगी कशी मिळवायची, हे मात्र या सदराच्या आवाक्याबाहेरचे आहे. पोळा करूनच निघायचे असेल तर भाद्रपद शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपुढे काही दिवस, असा बेत करावा. पण तो पुष्कळदा सप्टेंबरच्या उत्तरार्धात जातो आणि तेव्हा सोयाबीन वाट पाहत नाही.

क्रमाचे कारण सांगतो. कोकणातील जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबईच्या आसपास हा ठोकताळा चालतो, कारण तेथे अमावास्या-पौर्णिमेची पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. पेम्ब्रोकजवळच्या मिलफर्ड हेवन बंदरात नेमके उलटे आहे : उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या दरम्यान, तर ओहोटीचा तळ भर दुपारी येतो. म्हणून कोकणाचा गुणाकार तेथे नेऊ नये. तिथी फक्त उधाण की भांग एवढे सांगेल, वेळ त्या बंदराच्या तक्त्यातूनच घ्यावी. तक्ता ग्रिनिच वेळेत छापलेला असेल तर तेथील उन्हाळी घड्याळासाठी त्यात एक तास मिळवावा लागतो, हेही विसरू नये.

भांगाच्या आठवड्यात दुपारी भरती असते, पण ती फार वर चढत नाही, आणि ओहोटीलाही खालचे कातळ पुरते उघडे पडत नाहीत. या दिवसांत ज्यांच्या पायथ्याचा कातळमंच भरतीच्या रेषेवर राहतो असे कडे निवडावेत. सेंट गोवन्स हेडचा मुख्य कडा तसा आहे. समुद्र शांत असेल तर तेथे दिवसभर चढता येते. हंट्समन्स लीप या अरुंद, खोल घळीत मात्र ओहोटीशिवाय उतरण्यात अर्थ नाही. ती दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवावी, आणि तेव्हाही हात बसला असेल तरच.

उधाणाच्या दिवशी पाणी कसे चढते ते आकड्यांतच पाहावे. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात. या काळाचे सहा भाग धरले तर एकूण चढ-उताराचा बारावा हिस्सा पहिल्या भागात, दोन हिस्से दुसऱ्यात, तीन-तीन हिस्से तिसऱ्या-चौथ्यात, पुन्हा दोन पाचव्यात आणि एक शेवटच्यात भरतो. पेम्ब्रोकला उधाणाचा चढ-उतार सुमारे ६ मीटर असतो. साडेबाराला ओहोटीचा तळ असेल तर दीड वाजेपर्यंत पाणी जेमतेम अर्धा मीटर वर येते आणि चढणाऱ्याला वाटते, वेळ भरपूर आहे. अडीचपर्यंत आणखी एक मीटर, आणि अडीच ते साडेतीन या एका तासात दीड मीटर. ज्या खडकावर उभे राहून बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, सुरुवात केली, त्यावर साडेतीनला पुरुषभर पाणी फिरत असते. सिपना नदीचा पूर ओसरेपर्यंत काठावर थांबता येते. येथे काठ चाळीस मीटर डोक्यावर असतो.

म्हणून पाणी उतरत असतानाच खाली जावे. पायथ्याचा कातळ नुकता उघडा पडू लागला की दोर सोडून उतरायचे आणि तळाची वेळ येण्याआधी पहिल्या चढाईचा बराचसा भाग संपवायचा. गावामागच्या कड्यावर तुम्ही खालून सुरुवात करता आणि जमले नाही तर खालीच परतता. समुद्रकड्यावर परतीची वाट फक्त वर आहे. रॅपलिंगचा, म्हणजे खाली उतरण्याचा, दोर त्यामुळे वेगळा, जाड आणि न ताणणारा असावा आणि दोघेही वर येईपर्यंत तो ओढून घेऊ नये. त्याच्या खालच्या टोकाला गाठ असावी, कड्याच्या धारेवर तो घासतो तेथे खाली गोणपाट किंवा जाड कापड असावे, आणि माथ्यावरच्या जुन्या लोखंडी खुंटीवर तो बांधला असेल तर शेजारच्या खडकात स्वतःचा आणखी एक अँकर, म्हणजे दोर बांधण्याचा पक्का आधार, करावा. चढाईला दोन पातळ दोरांची जोडी न्या; आडव्या वळणांवर ओढ कमी होते आणि एक धारेवर कापला गेला तरी दुसरा उरतो. चढाईच्या काठिण्यश्रेणीच्या बाबतीत कठोर राहा. पहिले तीन दिवस ब्रिटिश श्रेणीतील सीव्हियर किंवा व्हेरी सीव्हियर याच्या वर जाऊ नका, घरी त्याहून कठीण चढत असलात तरी. सावलीतली दमट चुनखडी सकाळी साबणासारखी निसरते आणि दुपारच्या उन्हानंतरच तिच्यावर विश्वास बसतो.

भरतीचा तक्ता लाटांविषयी काहीही सांगत नाही. दूर अटलांटिकमध्ये वादळ झाले की दोन दिवसांनी, इकडे ऊन असताना आणि वारा थांबलेला असताना, उंच लाटा किनाऱ्याला येऊन भिडतात. लाटांचा वेगळा अंदाज मिळतो. त्यात उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही पाहावेत, कारण हे अंतर जितके मोठे तितका लाटेचा जोर अधिक. तेथे पोहोचल्यावर वरून अर्धा तास नुसते बघत बसा. सर्वांत मोठी लाट तुमच्या उतरण्याच्या जागेपर्यंत एकदा जरी पोहोचली, तर त्या दिवशी त्या कड्यावर उतरू नये. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग ओहोटीलाच करायचा असतो हे ठाऊक असूनही तेथे माणसे लाटेने ओढली गेली आहेत.

सराव घरीच होईल. उन्हाळ्यात पहाटे, कातळ तापण्याआधी, गावच्या कड्यावर वरून दोर सोडून उतरा, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर अँकर करून थांबा आणि खाली पाणी आहे असे धरून तेथूनच चढाई सुरू करा. चढणे जमले नाही तर सोडलेल्या दोरावर प्रुसिकच्या गाठी (सरकवता येणाऱ्या, पण भार पडताच आवळणाऱ्या) मारून त्यांच्या आधाराने वर या. दोघांनाही हे सफाईने, पाठीवर ओझे घेऊन, आले पाहिजे. ते येत नसेल तर तिकीट काढू नका. मुंबईहून विमान धरण्याआधी एक दिवस कोकणात काढून एखाद्या खडकाशेजारी सहा तास बसा आणि दर अर्ध्या तासाला पाणी कोठवर आले ते वहीत टिपा. बाकी व्हिसा आणि विमा चुलतभाऊ पाहीलच. विम्यातून गिर्यारोहण वगळलेले नाही एवढी खात्री करून घ्या. संकटात ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागावे, आणि घळीच्या तळाशी मोबाइल लागेलच असे समजू नये. वर कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवावी.

प्रश्न : मी विहिरीत आणि वर्धा नदीत लहानपणापासून पोहतो. समुद्रकड्यावर पडलो तर पोहून बाहेर येता येईल ना?
— एक विद्यार्थी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : त्या भरवशावर जाऊ नका. वेल्सचे पाणी उन्हाळ्याअखेरीसही १६-१७ अंशांच्या आसपास असते. अशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, कमरेला नट-कॅमचे वजन असते, आणि लाट माणसाला ज्या खडकावर आपटते तो धारदार शंखशिंपल्यांनी भरलेला असतो. पोहण्यापेक्षा बांधून घेणे महत्त्वाचे : पाण्याजवळ बिले देणाऱ्याने उतरल्याबरोबर, बूट बदलण्याआधी, स्वतःला उंचावरच्या अँकरला अडकवावे.

प्रश्न : समुद्रावर वापरलेले साहित्य परत आणून आपल्या कड्यांवर वापरता येते का?
— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : येते, मात्र ते रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात बुडवून, कॅमचे दांडे पुन्हापुन्हा दाबत, धुतलेले असले पाहिजे. नंतर सावलीत वाळवून सांध्यांना वंगण द्यावे. कॅराबिनरच्या (दोर अडकवायच्या धातूच्या कडीच्या) झडपेपाशी पांढरी पूड धरली असेल, धुऊन आणि वंगण देऊनही झडप अडकत असेल, तर तो बाद करावा. दोर आणि पट्ट्याही धुवाव्यात, पण आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात वाळत घालू नयेत. कड्यातच कोणी ठोकून ठेवलेले जुने पेग, म्हणजे लोखंडी खुंट्या, बाहेरून धड दिसले तरी आत गंजून गेलेले असू शकतात. त्यांना दोर अडकवला तरी जवळच स्वतःचा नट लावावा.