हृदयाचं छिद्र आणि छत्री: नागपूर परिसरातल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न (उमरेड): शाळेतल्या तपासणीत सहा वर्षांच्या मुलीला एएसडी (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र) निघाला, १८ मिमी. शेजारच्या मुलाचं छिद्र छत्रीनं बुजलं, हिला मात्र ऑपरेशनच सांगतात. असं का?

उत्तर: निव्वळ छिद्राच्या आकारावर हे ठरत नाही, भोवती पडद्याचा काठ किती उरलाय, ते बघावं लागतं. छत्री म्हणजे निटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या) तारेच्या विणलेल्या दोन चकत्या, मधे छिद्रात बसणारी कंबर, आत पॉलिएस्टरचं कापड. जांघेतल्या शिरेतून नळीनं ती नेतात. आधी डावी चकती उघडते, मग उजवी, आणि पडदा दोन्हींच्या मधे चिमटला जातो. चिमटायला साधारण ५ मिमी काठ हवा. महाधमनीकडचा काठ कमी असला तर बरेचदा निभावतं. खालच्या महाशिरेकडचा काठच नसेल तर छत्री सुटून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊ शकते; मग ती तारेच्या फासानं पकडून काढायची, नाहीतर छाती उघडायची.

लहान मुलांत आणखी एक अडचण असते. अ‍ॅम्प्लाट्झर नावाच्या बनावटीत १८ मिमी कंबरेच्या छत्रीची डावी चकती ३२ मिमी असते. एवढी चकती सहा वर्षांच्या हृदयात झडपेला न टेकता मावेल का, ते मोजावंच लागतं. छिद्र प्रायमम (पडद्याच्या तळाशी, झडपांजवळ) किंवा सायनस व्हेनोसस (महाशिरेच्या तोंडाशी) जातीचं असेल तर ही छत्री चालतच नाही. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात छिद्राचा प्रकार, प्रत्येक काठाचं माप आणि पडद्याची एकूण लांबी लिहून मागा. दुसरं मत घ्यायचं तर ते याच आकड्यांवर घ्या.

प्रश्न (सक्करदरा): छत्री बसवून तीन आठवडे झाले. दाढ काढायची आहे. अ‍ॅस्पिरिन बंद करू का?

उत्तर: स्वतःहून मुळीच नको. तारेवर शरीराचं अस्तर चढायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर तिच्यावर गुठळी धरू शकते (अ‍ॅस्पिरिन त्यासाठीच), जंतूही बसू शकतात. दाढ थांबण्यासारखी असेल तर सहा महिने थांबा. पू झाला असेल तर काढावीच लागेल, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारून आणि अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिक घेऊन. छत्रीच्या कडेनं गळती उरली असेल तर ही काळजी सहा महिन्यांनंतरही घ्यायची. आणि अ‍ॅस्पिरिनवर असलेल्या मुलाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा; यकृत-मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो.

प्रश्न (काटोल): संत्र्याचे क्रेट कधीपासून उचलू?

उत्तर: जांघेच्या जखमेसाठी आठवडाभर जड काही नको, छत्रीसाठी साधारण महिनाभर, तेही पहिल्या महिन्याचा इको बघूनच. पुढचे इको सहा आणि बारा महिन्यांनी. क्वचित चकतीची कड हृदयाच्या भिंतीला घासून ती झिजवते आणि रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचतं. असं काही वर्षांनंतरही घडलेलं आहे. छातीत दुखलं, भोवळ आली, दम लागला तर गॅसची गोळी घेऊन घरी बसू नका. थेट इमर्जन्सीत जा आणि छत्री असल्याचं आधी सांगा.

प्रश्न (धरमपेठ): एमआरआय चालतो का? नकली दागिन्यांनी अंगावर पुरळ येतं, त्याचं काय?

उत्तर: निटिनॉलच्या छत्रीवर ठरलेल्या अटींत एमआरआय होतो, केंद्रावर इम्प्लांट कार्ड (छत्रीची माहिती असलेलं कार्ड) दाखवा. पुरळाचं मात्र छत्री बसवण्याआधीच सांगा, कारण निटिनॉलमध्ये निम्म्याहून जास्त निकेल असतं.