रिपोर्टमध्ये गुणसूत्रं ४६, तरी डाऊन सिंड्रोम कसं?

चोपड्याच्या ताई, लेकीच्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत, गुणसूत्रं ४६ आलीत, डाऊनमध्ये तर ४७ असतात, मग लॅबचं चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. लॅबचं चुकलेलं नाही. ४६ च्या पुढे ‘डेर(१४;२१)’ आणि ‘+२१’ असं जे छापलंय, तुमचं उत्तर त्यात आहे.

डाऊनच्या साधारण ९५ टक्के मुलांमध्ये २१ नंबरचं तिसरं गुणसूत्र सुटं असतं, म्हणून मोजणी ४७ येते. तीन-चार टक्के मुलांत मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेलं असतं, बरेचदा १४ नंबरला. भुसावळच्या यार्डात दोन डबे पक्के जोडून एकच डबा म्हणून मोजले तर आकडा कमी भरेल, माल तेवढाच राहील. तसंच हे. ‘डेर(१४;२१)’ म्हणजे ही जोड, ‘+२१’ म्हणजे जास्तीचं २१. २१ चा माल दोनऐवजी तीन गुणसूत्रांचा आहे, आकडा ४६.

आता महत्त्वाचं. सुटं २१ असतं तर आईवडिलांचं कॅरिओटाइप सहसा लागत नाही. तुमच्या बाबतीत लागतं, आणि दोघांचंही. सासरचे फक्त तुमचं रक्त द्यायला सांगतात, ते चूक आहे. हे जोडलेलं गुणसूत्र आईकडून येऊ शकतं, तसंच वडिलांकडूनही. आईवडिलांपैकी ज्याच्याकडे ते असतं, त्या वाहकाची मोजणी ४५ येते आणि तो माणूस ठणठणीत असतो, कारण त्याच्याकडचा माल पुरता असतो. आई वाहक असेल तर पुढच्या बाळाला डाऊन असण्याची शक्यता १० ते १५ टक्के धरतात. वडील असतील तर बरीच कमी. कित्येकदा दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल येतात, म्हणजे जोड नव्यानेच झालेली असते. मग धोका अगदी थोडा उरतो. दोघांपैकी कुणी वाहक निघालंच, तर त्यांच्या भावाबहिणींनीही मुलाचा विचार करण्याआधी तपासून घ्यावं.

रक्त देताना एवढं सांभाळा. ही तपासणी जिवंत पेशींवर होते. पांढऱ्या पेशी साधारण तीन दिवस वाढवतात, विभागणीच्या ऐन मध्यावर थांबवतात, रंगवतात आणि मग मायक्रोस्कोपखाली मोजतात. म्हणून हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळीच हवी. आपल्याकडून नमुना पुण्या-मुंबईला जातो, आणि जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. बंद गाडीत तापलेला नमुना वाढत नाही, बर्फात गोठलेलाही नाही. त्याच दिवशी कुरिअर निघणार का, हे विचारूनच हात पुढे करा. शनिवारी संध्याकाळी देऊ नका.

सासूबाई म्हणतात पाचव्या महिन्यात ग्रहण पाळलं नाही. त्यांना रिपोर्ट दाखवा. तपासलेल्या सगळ्या पेशींत तोच जोड आहे, म्हणजे गर्भ राहिला तेव्हाच तो तिथे होता. पाचव्या महिन्यातल्या कशानेही तो येऊ शकत नाही. बहीण, यामा तुनी काहीच चूक नही शे. आणि जावईबापूंचा रिपोर्ट ४५ आला तर त्यांचीही नाही.

पुढच्या खेपेला दिवस राहिले की लगेच जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जा. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन किंवा १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन बाळाची गुणसूत्रं पाहता येतात. कायद्याने मुलगा-मुलगी सांगणार नाहीत, विचारूही नका.

पण त्याआधी लेकीचं बघा. हृदयाच्या इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, तुम्ही काहीच लिहिलं नाही. डाऊनच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, आणि काहींची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच करावी लागते. ती दूध पिताना दमते, घाम येतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला घाई वाटते. इको झाला नसेल तर या आठवड्यातच करा. थायरॉइड आणि कानाची तपासणीही राहू देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम येतो. अंगणवाडीत येणाऱ्या त्यांच्या पथकाला गाठा, जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी तिथून मिळेल.